धावपट्टीवरच्या रेड्यासाठी रायफल

पोस्टिंगचा कागद एप्रिल महिन्यात आला. डार्विनचं वर्कशॉप सोडून सहा महिने एका इंजिनीअर स्क्वाड्रनबरोबर आर्नहेम लँडमध्ये जायचं होतं. काम धावपट्टीचं. तिथल्या एका लहान आदिवासी वस्तीची जुनी पट्टी दर पावसाळ्यात चिखलात जायची आणि आजारी माणसं अडकून पडायची. ती उखडून त्याच जागी नवी, उंच, पक्की पट्टी करायची होती. ती होईपर्यंत तिथे विमान उतरणार नव्हतं.

मी कॉर्पोरल रेमंड डाबरे. मूळचा वसईचा. टूल अँड डायचा डिप्लोमा करून स्किल्ड व्हिसावर इकडे आलो, नागरिकत्व मिळाल्यावर एकतिसाव्या वर्षी आर्मीत भरती झालो. ट्रेड आर्मरर. आर्मरर म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. गोळी झाडणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. दुसऱ्याने ट्रिगर दाबला की हत्यार चाललं पाहिजे, हे त्याचं काम. डाबरे कुणाला म्हणता येईना, म्हणून सगळे मला डॅब्स म्हणत.

कॅम्पचा दिवस ०५३० ला सुरू व्हायचा. ०६१५ ला मी हत्यारं तपासायचो, ०७०० ला माती सपाट करणारे ग्रेडर आणि रोलर पट्टीवर जायचे. तांबडी धूळ सगळीकडे. नळीत, मॅगझिनमध्ये, चहात. दिवसाचे चार तास मी नुसती धूळ काढत असे.

पट्टीच्या उत्तरेला पाणथळ होतं आणि त्या पाणथळात रानटी म्हशींचे कळप. दीड-दोनशे वर्षांपूर्वी गोऱ्यांनी आशियातून ही जनावरं आणली, वसाहती ओस पडल्यावर ती मोकाट सुटली. वसईच्या तबेल्यांतल्या म्हशी बघत मी मोठा झालो, त्यामुळे पहिल्या दिवशी मला त्या ओळखीच्याच वाटल्या. तिसऱ्या आठवड्यात ती ओळख मोडली. सकाळी ०७१० ला सर्व्हेच्या खुंट्या ठोकणाऱ्या एका सॅपरला, म्हणजे आमच्या इंजिनीअर जवानाला, एकट्या रेड्याने पाठीमागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं. हेलिकॉप्टरने डार्विनला न्यावं लागलं.

त्याच दुपारी आमचे ओसी, म्हणजे स्क्वाड्रनचे प्रमुख, मेजर हॅलम यांनी मला तंबूत बोलावलं.

"डॅब्स, मला एक रायफल हवी. फक्त जनावरांसाठी. कोणती ते तू सांग. आणि का, तेही सांग. दहा दिवस आहेत."

मी म्हणालो, "सर, मी आयुष्यात शिकार केलेली नाही."

"म्हणून तर तुला विचारतोय. शिकाऱ्यांची मतं आधीच ठरलेली असतात."

आमची रोजची सर्व्हिस रायफल पाच पूर्णांक छप्पन्न मिलिमीटरची. ती माणसासाठी बनवलेली आहे. हजार किलोच्या आसपासच्या रेड्याला तिने मारायला जाणं म्हणजे त्याला चिडवणं. एवढं मलाही कळत होतं. त्यापलीकडे काहीच नाही.

रविवारी सॅटेलाइट फोनवर बायकोला, ग्रेटाला, सांगितलं. ती डार्विनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ती म्हणाली, "तू निवडणार? तुला अजून बाजारात ताजं पापलेट निवडता येत नाही." मग म्हणाली की ज्याच्या हातात ती द्यायची आहे, त्याला आधी विचार.

ती रायफल सार्जंट डॉना रीडच्या हातात जाणार होती. ग्रेडर-रोलरवाल्या ट्रूपची ती सार्जंट. पश्चिम क्वीन्सलँडच्या एका कॅटल स्टेशनवर, गुरांच्या अफाट रानमळ्यावर, वाढलेली, उंचीने बेताची, बोलण्यात त्याहून बेताची. स्क्वाड्रनमध्ये तिच्याइतका नेम कुणाचा नव्हता. तिचं मत तयार होतं. थ्री-ओ-एट. आर्मीच्या सात पूर्णांक बासष्टच्या जवळपासचंच माप. लहानपणापासून तीच वापरली, धक्का कमी, डोळे मिटून चालवता येते. गोळी योग्य जागी गेली की झालं, असं ती म्हणाली आणि कामाला निघून गेली.

पुढच्या रेशन फेरीला डार्विनला गेलो, तेव्हा बंदुकांच्या एका दुकानात शिरलो. म्हाताऱ्या मालकाने न विचारता काउंटरवर फोर-फाइव्ह-एट ठेवली. नळीचं भोक जवळजवळ बारा मिलिमीटर. याने हत्ती पडतो, तो म्हणाला. मी विचारलं, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जण ही नीट चालवतात? तो हसला. पहिल्या दिवसानंतर फारसे नाहीत, म्हणाला. मला तो माणूस आवडला. टेस्टला ये म्हटलं, तर खरंच शनिवारी स्वतःच्या गाडीत ती रायफल घालून सहा-सात तास कच्च्या रस्त्याने आला.

तिसरं मत वॉल्टरचं. वॉल्टर त्या वस्तीचा रेंजर, तिथलं रान राखणारा. पंचेचाळिशीचा, टोपी सहसा न काढणारा. वाढलेले कळप कमी करणं हे त्याच्या पथकाचं कामच होतं. मी कॅलिबरबद्दल, नळीच्या मापाबद्दल, विचारायला लागलो, तर तो म्हणाला, "आधी जनावर बघ."

त्याने मला पाणथळाच्या कडेला नेलं. तिथे आदल्याच दिवशी पथकाने पाडलेला एक रेडा होता. मांस वस्तीवर गेलेलं, सांगाडा आणि पुढचा भाग शिल्लक. वॉल्टरने विचारलं, हृदय कुठे आहे? मी छातीच्या मध्यावर बोट ठेवलं. त्याने टोपी काढली आणि कितीतरी पुढे, कितीतरी खाली, पुढच्या पायाच्या अगदी वर ठेवली. इथे, म्हणाला. सगळे वर आणि मागे मारतात. मग जनावर दोन दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी कुणालातरी भेटतं.

हृदयाच्या पुढ्यात खांद्याचं हाड होतं. मी खिशातून व्हर्नियर काढला आणि त्याची जाडी मोजली. कडेला पातळ, पण सांध्याजवळ माझ्या मनगटाहून जाड. वर सुकलेल्या चिखलाचा थर, खाली जाड कातडं. सगळं वहीत लिहून घेतलं. वॉल्टर बाजूला बसून बघत होता. मेलेल्या रेड्याला शर्ट शिवायला माप घेतोस का, म्हणाला.

माझ्या डोक्यात आता प्रश्न स्पष्ट झाला. कोणती रायफल सगळ्यात ताकदवान, हा प्रश्नच नव्हता. कोणती गोळी ते हाड फोडून पलीकडे हृदयापर्यंत जाते, आणि ती रायफल कॅम्पमधला माणूस न बिचकता कुठवर चालवू शकतो, असे दोन प्रश्न होते. दोन्हींची उत्तरं एकाच रायफलीत सापडायला हवी होती. हे कळल्यावर मला त्या कामाची गोडी लागली. खोटं कशाला बोलू, मला रात्री लवकर झोपावंसं वाटायचं, म्हणजे सकाळ लवकर होईल.

शनिवारी टेस्ट. तीन रायफली. थ्री-ओ-एट आणि थ्री-सेव्हन-फाइव्ह रेंजर पथकाच्या, फोर-फाइव्ह-एट दुकानदाराची. तिन्ही बोल्ट-अ‍ॅक्शन. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे ओढायचा. पाच जण निवडले. सार्जंट रीड, ग्रेडर चालवणारा लान्स कॉर्पोरल लिम, एक कुक, एक सॅपर आणि मी. पन्नास मीटरवर टार्गेट.

थ्री-ओ-एटवर पाचही जणांचे नेम बशीत मावले. फोर-फाइव्ह-एटवर पहिली गोळी सगळ्यांची बरी गेली, दुसरीपासून घोटाळा. खांद्यावर लाथ बसायच्या आधीच माणूस डोळे मिटत होता. कुकने तिसरी गोळी झाडायला नकार दिला. सार्जंट रीडची तिसरी गोळी टार्गेटवर लागलीच नाही. तिने रायफल खाली ठेवली. थ्री-सेव्हन-फाइव्हचं भोक साडेनऊ मिलिमीटर, दोघींच्या मधलं. धक्का होता, पण तो मारत नव्हता, ढकलत होता. पाचांपैकी चौघांचे नेम थाळीत राहिले, रीडचे बशीत.

मग हाडं. रेंजरांनी ठेवलेली खांद्याची ताजी हाडं एकेक करून उभी केली, मागे ओल्या रद्दीचे गठ्ठे रचले. थ्री-ओ-एटची एक गोळी पातळ जागेतून पार गेली. दुसरी सांध्याला लागली आणि तिथेच बसली. थ्री-सेव्हन-फाइव्हची जड गोळी दोन्ही ठिकाणी पार गेली आणि मागच्या रद्दीत हातभर शिरली. फोर-फाइव्ह-एटचीही तशीच. म्हणजे तिच्या जादा लाथेतून आमच्या कामाचं काही वाढत नव्हतं.

सार्जंट रीडने सांध्यात अडकलेली गोळी बघायला मागितली. चपटी झालेली, छत्रीसारखी उलटलेली. तिने ती बराच वेळ हातात फिरवली. म्हणाली, "मी हाडाला लावणारच नाही."

मी म्हणालो, "सार्जंट, तुम्ही नाही लावणार. पण रेडा वळला तर?"

तिने गोळी परत दिली. "ठीक आहे. मोठी घे."

मेजर हॅलमना मी दीड पानाचा कागद दिला. थ्री-सेव्हन-फाइव्ह, बोल्ट-अ‍ॅक्शन, मॅगझिनमध्ये तीन आणि चेंबरमध्ये एक. बोल्ट असा हवा, ज्याची नखासारखी मोठी पट्टी काडतुसाला मॅगझिनमधून उचलतानाच पकडते, म्हणजे घाईत, तिरक्या हातानेही काडतूस निसटत नाही. सेमी-ऑटो का नको, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, या धुळीत जितके भाग कमी हलतील तितकं बरं. बोल्ट हाताने चालतो, हात अडला तर माणसाला लगेच कळतं. आणि रायफल थोडी जड हवी, वजन धक्का पिऊन टाकतं. त्यांनी सही केली. सॅपर जखमी झालेला असल्यामुळे वरच्या ऑफिसातूनही कागद लवकर फिरला.

नवी रायफल आली तेव्हा तिचा दस्ता रीडच्या हाताला लांब पडत होता. मी तो दोन सेंटिमीटर कापला, घासला, रबर पॅड बसवलं. रोज १६०० नंतर ती दहा वेळा रिकामा बोल्ट ओढायची. खांद्यावरून रायफल न उतरवता. आठवड्यातून एकदा चार गोळ्या. जून आणि जुलैमध्ये तिने तीन रेडे पाडले, प्रत्येकी एका गोळीत. प्रत्येक वेळी मी आणि वॉल्टर जनावर उघडून गोळीचा रस्ता शोधायचो. मी वहीत चित्र काढायचो. लिम म्हणायचा, डॅब्स आता खाटीक झाला.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मी रायफलीतली धूळ तपासायला पट्टीवर गेलो होतो. वेळ १६२०. लँडक्रूझरमध्ये चालवायला वॉल्टर, शेजारी सार्जंट रीड, मागे मी. पट्टीच्या टोकाला लिम ग्रेडरमधून खाली उतरून पात्याचे बोल्ट बघत होता. पेपरबार्कच्या झाडीतून एक रेडा निघाला आणि आमच्या आणि लिमच्या मध्ये येऊन उभा राहिला. लिमपासून तीस मीटरवर. ग्रेडरची शिडी पलीकडच्या बाजूला होती.

रीडने रेडिओ उचलला.

"ऑल स्टेशन्स, स्टॉप वर्क. बफेलो ऑन द स्ट्रिप. लिम, हलू नकोस. ओव्हर."

"लिम. रॉजर."

आमच्या जागेवरून गोळी झाडली तर रेड्यामागे लिम होता. रीड खाली उतरली. मला म्हणाली गाडीपाशी थांब, वॉल्टरला म्हणाली मी हात केला की हॉर्न दे. ती डावीकडे चालत गेली. पळाली नाही. पन्नास-साठ पावलं. लिम रेषेतून बाजूला गेल्यावर थांबली, हात वर केला. वॉल्टरने हॉर्न दिला. रेडा लिमवरून नजर काढून आमच्याकडे वळला आणि त्याची पूर्ण कूस तिच्यासमोर आली. अंतर चाळीस मीटर.

पहिली गोळी. चिखलाचा तुकडा खांद्यावरून उडालेला मला दिसला. जागा बरोबर होती. रेडा पुढच्या पायांवर खचला, उठला, आणि आवाज आला त्या दिशेला धावला.

तिने बोल्ट ओढला. दस्ता खांद्यावरून हलला नाही. दुसरी गोळी समोरून छातीत, सहा-सात मीटरवर. रेड्याचे पुढचे पाय दुमडले. पण तेवढं वजन त्या वेगात जागच्या जागी थांबत नाही. ती उजवीकडे सरकली होती, पुरेशी नाही. रेडा तिच्यावर पडला.

मी आणि वॉल्टर पोचलो तेव्हा रेडा मेलेला होता. लँडक्रूझरच्या दोराने त्याला ओढून काढला. मी रेडिओवर कॅम्पच्या कंट्रोलला, झिरोला, बोलावलं.

"झिरो, धिस इज डॅब्स. कॅज्युअल्टी, वन. सार्जंट रीड. क्रश इंज्युरी. मेडिक आणि हेलिकॉप्टर हवं. नाऊ. ओव्हर."

"झिरो. रॉजर. आउट."

वेळ १६२९. मेडिक १६३६ ला पोचला. हेलिकॉप्टर डार्विनहून निघून यायला दीड तासाच्या वर लागणार होतं. विमान अर्ध्या वेळात आलं असतं. पट्टी अजून तीन आठवडे तयार होणार नव्हती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ती शुद्धीवर होती. तिने लिमचं विचारलं. मी म्हणालो, ठीक आहे, इथेच आहे. लिम तिच्या डोक्यावर सावली धरून उभा होता. मग ती मला म्हणाली, "रायफल अनलोड कर, डॅब्स."

मी उचलली. चेंबरमध्ये झाडलेल्या काडतुसाची रिकामी केस, मॅगझिनमध्ये दोन गोळ्या. काढल्या. तिला दाखवलं. तिने मान हलवली. त्यानंतर ती बोलली नाही. १७४८ ला मेडिकने हात थांबवले. हेलिकॉप्टर १८०५ ला उतरलं.

दुसऱ्या दिवशी ०७०० ला मी वॉल्टरकडे गेलो. मला तो रेडा उघडायचा होता. मेजर हॅलमनी परवानगी दिली, तेही आले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिला तिची ओळखीची हलकी रायफल हवी होती, मी ती बदलायला लावली. हलकीने दुसरी गोळी एक सेकंद आधी गेली असती का? किंवा दुकानदाराची मोठी घेतली असती तर रेडा जागेवर बसला असता का?

आम्ही दीड तास काम केलं. पहिली गोळी खांद्याच्या सांध्यातून, सगळ्यात जाड जागेतून गेली होती. हाडाचा चुरा झाला होता. पुढे हृदयाचा वरचा भाग फाटलेला, आणि गोळी पलीकडच्या कातड्याखाली अंगठ्याएवढा फुगवटा करून थांबलेली. दुसरी छातीतून आत सरळ. मी दोन्ही काढल्या, पुसल्या, मोजल्या.

वॉल्टर म्हणाला, "पहिल्यानेच मेला होता. त्याच्या पायांना ते कळायचं होतं."

मी विचारलं, याहून मोठी असती तर?

"हृदय एकदाच फुटतं," तो म्हणाला. "माझा चुलता असाच गेला. त्याचीही गोळी बरोबर होती."

चौकशीत मी हेच सांगितलं. वही जोडली. हत्यार योग्य, गोळी योग्य, नेम योग्य, असा निष्कर्ष निघाला. तो कागद मी वाचला आणि मला त्याने बरं वाटलं नाही. आतापर्यंत मी समजत होतो की प्रश्न नीट विचारला की उत्तरात माणूस वाचतो. लिम वाचला. उत्तर तेवढंच होतं.

पट्टी ठरल्या दिवशी पूर्ण झाली. स्क्वाड्रनला तिथे सार्जंट रीडच्या नावाची पाटी लावायची होती. वस्तीवरच्या वडीलधाऱ्या बायकांनी वॉल्टरकरवी निरोप दिला की आत्ता नको. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घेत नाहीत, लिहीत नाहीत. ती त्यांच्या जमिनीवर गेली, म्हणून तिच्यासाठीही तेच. ज्या जागी ती पडली तिथे त्यांनी जागा शुद्ध करायला पानांचा धूर केला आणि आम्हाला त्यातून चालायला सांगितलं. आम्ही सगळे चाललो, मेजरसकट. पाटी लागली नाही. आमच्यातल्या काहींना ते खटकलं. मलाही थोडं खटकलं.

दोन वर्षांनी मी आर्मी सोडली. आता डार्विनच्या एका हॉस्पिटलमध्ये मशीन दुरुस्त करतो. अधूनमधून फोन येतात. क्वीन्सलँडमधल्या स्प्रिंगफील्ड लेक्सला राहणारा एक पुण्याचा आयटीवाला, नुकतंच लायसन्स काढलेला, मागच्या वर्षी विचारत होता की दादा, बफेलोसाठी कोणती घेऊ, फोर-फाइव्ह-एट घेतो, सगळ्यात भारी. मी त्याला म्हणालो, आधी कुणाबरोबर तरी जाऊन मेलेलं जनावर उघडून बघ. मग जी तू दहाव्या गोळीलाही डोळे उघडे ठेवून चालवशील, ती घे. तो म्हणाला, नो वरीज. पुन्हा फोन आला नाही.

तीन कोरडे हंगाम गेल्यावर वॉल्टरचा फोन आला. दुपारची वेळ, मी कामावर होतो. तो म्हणाला, आंटीज, वस्तीवरच्या वडीलधाऱ्या बायका, म्हणतात, आता चालेल. पाटी कुणी करायची, असं मी विचारलं. म्हणाला, तुझ्याशिवाय कोण करणार.

मी पितळेची पट्टी घेतली आणि हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये, सुपरवायझरला सांगून, सुट्टीच्या दिवशी अक्षरं कोरली. रँक आणि नाव, बाकी काही नाही. ग्रेटाने रजा घेतली. लिम, आता तोही सार्जंट झाला आहे, टाउन्सविलहून आला. आम्ही तिघं विमानाने गेलो आणि त्याच पट्टीवर उतरलो. पट्टी छान राहिली आहे. पायलट म्हणाला की गेल्या पावसाळ्यात त्याने इथून दोन बाळंतिणी नेल्या.

दगड वॉल्टरने आधीच रोवून ठेवला होता. मी चार स्क्रू बसवले. साठेक माणसं जमली होती. बायका पुढे बसल्या होत्या. कुणी भाषण केलं नाही. वॉल्टर माझ्याकडे बघून म्हणाला, आता म्हण.

मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "सार्जंट डॉना रीड."

तीन वर्षांत त्या जागी ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. वॉल्टरने टोपी काढली आणि म्हटलं. मग लिमने, मग ग्रेटाने. मग पुढे बसलेल्या बायकांनी, एकेकीने, सावकाश.